घरामागचं रान जेसीबीने साफ करू नका : मुळशी, मावळ, वेल्ह्यातल्या शेतघर-मालकांना खुलं पत्र

मुळशी, मावळ आणि वेल्हे परिसरातले सर्व शेतघर-मालक आणि प्लॉटिंगच्या देखभाल समित्या,

स.न.वि.वि.

पाऊस ओसरत आलाय. येत्या महिनाभरात तुमच्यापैकी बरेच जण घरामागच्या उताराकडे बघतील, डोक्याच्या वर गेलेली झुडपं दिसतील आणि जेसीबीवाल्याला फोन जाईल. "सगळं साफ करून टाका, वरून एकदा औषध मारा" हे त्या फोनवरचं ठरलेलं वाक्य. हे पत्र त्या फोनच्या आधी वाचावं, एवढीच विनंती.

ती झुडपं बहुतेक ठिकाणी घाणेरीची असतात. तिला कोणी टणटणी म्हणतं. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पतिउद्यानात आली आणि तिथून देशभर पसरली. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे. रानमोडी आणि सुबाभूळही त्याच यादीत आहेत, आणि तुमच्या एका एकरात ही तिन्ही सापडू शकतात. ती काढायला हवीत, यावर आपलं एकमत आहे. मतभेद आहे तो कशी, कधी आणि कोणत्या क्रमाने काढायची यावर.

जेसीबीने काय होतं ते आधी बघू. या डोंगरांवर पिढ्यान्‌पिढ्या कोळशासाठी, सरपणासाठी आणि भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं पेरायची जागा भाजायला, तोड झाली. त्यामुळे आज जे रान दिसतं ते बरंचसं बियांपासून आलेलं नाही, जुन्या खुंटांच्या फुटव्यांतून आलंय. ऐन, कुडा, कुंभा, गेळा यांचे जमिनीतले खुंट कित्येक दशकांचे असतात. वर दिसणारं रोप हातभर असलं तरी खालचं मूळ मोठ्या झाडाचं असतं. तुमच्या रानाचं भांडवल ते. जेसीबीचं बकेट ते खुंट मुळासकट उपटून बाजूला ढकलतं. नंतर वनमहोत्सवात लावलेली शंभर रोपंही ती भरपाई करत नाहीत. दुसरी गोष्ट मातीची. इथल्या उतारावर मुरमाच्या वर माती असते ती वीतभर, कुठे तेवढीही नाही. ती मोकळी केली की पुढच्या पावसात ओढ्यात जाते. आणि उघडी पडलेली, उकरलेली, उन्हातली जमीन घाणेरीच्या बीला हवीच असते. साफ केलेल्या प्लॉटवर दोन पावसांत आधीपेक्षा दाट घाणेरी उभी राहते, ती त्यामुळेच. मग पुन्हा जेसीबी, पुन्हा बिल.

पेटवून देण्याचाही तोच हिशेब. घाणेरी आणि रानमोडी दोन्ही आगीनंतर बुडातून फुटतात. जळतात ती देशी रोपं आणि शेजाऱ्याचं गवत.

कामाला हात घालण्याआधी एक कागद बघा आणि एक फेरी मारा. कागद म्हणजे सातबारा. त्यावर वनासंबंधी काही शेरा असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय काहीही करू नका. शेरा नसला तरी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीतली झाडं खाजगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यात ऐन, हिरडा, जांभूळ, किंजळ, खैर, आंबा, फणस, साग ही याच रानातली झाडं आहेत. जेसीबीचा चालक ऐन आणि सुबाभूळ यांत फरक करत नाही. जागा नगरपरिषद किंवा महापालिकेच्या हद्दीत येत असेल, तर 1975 चा शहरी भागातला झाडांचा कायदा लागू होतो आणि सुबाभळीसाठीही आधी विचारावं लागतं.

फेरी मारायची ती सुती कापडाच्या लाल किंवा पांढऱ्या पट्ट्या घेऊन. प्लास्टिकच्या नकोत, त्या वर्षभर तिथेच लोंबतात. झुडपात वाकून बघा. घाणेरीच्या सावलीत जांभूळ, अंजनी, तोरण, करवंद, धायटी, मुरुडशेंग, दिंडा यांची रोपं असतात. घाणेरीच्या काट्यांनी त्यांना गुरांपासून वाचवलेलं असतं, हेही तिच्या बाजूने मान्य करायला हवं. दिसेल त्या प्रत्येक देशी रोपाला पट्टी बांधा. ओळख पटत नसेल तरी बांधा. गावातल्या जुन्या माणसाला सोबत घ्या, वनस्पतिशास्त्राच्या पदवीपेक्षा या कामात तो जास्त उपयोगी पडतो. घाणेरी ओळखणं सोपं आहे : चौकोनी खोड, त्यावर मागे वळलेले बारीक काटे, समोरासमोर खरखरीत पानं, चुरगळली की उग्र वास, आणि एकाच गुच्छात पिवळी व गुलाबी फुलं.

आता वेळ. मोठी झुडपं काढायची ती ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. जमीन अजून ओली असते, त्यामुळे कुदळ चालते. पाऊस संपलेला असतो, त्यामुळे काढलेल्या फांद्या पुन्हा मूळ धरत नाहीत. जुलैत हेच काम केलं तर ओल्या मातीला टेकलेली फांदी पेरापेरांतून मुळं सोडते आणि एकाची चार झुडपं होतात. मार्चनंतर मातीचा दगड होतो, आणि बुलबुल, सातभाई यांची घरटी झुडपांत असतात, तेव्हाही नको. बियांतून आलेली रोपं मात्र जुलै-ऑगस्टमध्येच उपटायची. ती तेव्हा हाताने अलगद निघतात.

सुरुवात कुठून करायची, इथे बहुतेकांचं चुकतं. सगळ्यांत दाट, सगळ्यांत डोळ्यांत खुपणारा भाग आधी घेतला जातो. उलट करा. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी घालून दिलेली पद्धत अशी : रान जिथे चांगलं आहे तिथून सुरू करून खराबाकडे सरकायचं. चांगल्या भागातली तुरळक घाणेरी काढली की मोकळी झालेली जागा देशी झाडं लगेच भरतात. दाट पट्ट्यात मोकळी झालेली जागा भरायला देशी काहीच नसतं, तिथे तणच परत येतं. उतारावर आणखी एक नियम, वरून खाली यायचं, कारण बी पावसाच्या पाण्याबरोबर खालीच येतं. दाट पट्टा एकाच वर्षी सपाट करू नका. तीन-चार मीटर रुंदीची पट्टी काढा, तेवढीच शेजारी राहू द्या. ससे, मुंगूस, लावे यांना तोवर आडोसा राहतो आणि माती एकदम उघडी पडत नाही. पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठे नीट झाले तरी खूप. एकराचा हट्ट धरला की एकही गुंठा नीट होत नाही.

प्रत्यक्ष तोडणीची पद्धत दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात बसवली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध केली. तिचं मर्म समजून घेतलं की मजुरांना समजावणं सोपं जातं. घाणेरीचे फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या जाड गाठीतून. त्या गाठीखालच्या मुळातून फुटवा येत नाही. म्हणजे जमिनीवर कोयता चालवून काही साधत नाही, आणि सगळी मुळं खणून काढायचीही गरज नाही. गाठीखालचं मुख्य मूळ तोडलं की काम झालं.

करायचं असं. पहिल्यांदा पिकलेली काळी फळं असलेल्या फांद्या छाटून थेट गोणीत भरा. ही पायरी वगळली तर पुढची सगळी ओढाओढ म्हणजे पेरणीच ठरते. मग बाजूच्या फांद्या कोयत्याने किंवा लांब दांड्याच्या कात्रीने तोडून मधले खुंट गुडघ्याएवढे ठेवा. ते खुंट पुढे धरायला लागतात. बुडाभोवतीचा पालापाचोळा हाताने बाजूला सारा, कुदळीने दोन-तीन इंच माती उकरा आणि गाठ उघडी करा. गाठीच्या खाली, जमिनीच्या पातळीपासून साधारण 3 ते 5 सेंमी खोल, तिरकस घाव घालून मुख्य मूळ तोडा. आता एकाने खुंट धरून ओढायचं आणि दुसऱ्याने बाजूची मुळं तोडायची. गाठ अखंड वर आली पाहिजे. ती फुटून अर्धी जमिनीत राहिली तर महिन्याभरात त्या अर्ध्यातून फुटवे दिसतील. दगडांच्या फटीत वाढलेल्या झुडपाला कुदळ लागत नाही, तिथे पहार घाला. पहारीनेही जमलं नाही तर ते झुडूप तूर्त खुंटावर ठेवा आणि दर महिन्याला फुटवे खुडा. मूळ दमायला एक-दीड वर्ष लागतं, पण दमतं.

उपटलेलं झुडूप उलटं ठेवायचं, मुळं वर आणि फांद्या खाली, शक्यतो कातळावर किंवा दुसऱ्या झुडपाच्या वाळलेल्या ढिगावर. मुळं उन्हात सुकली की परत लागत नाहीत. मग बाजूला सारलेला पालापाचोळा खड्ड्यावर परत पसरा. उघडी माती एक दिवसही ठेवू नये.

हातात चामड्याचे मोजे, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. दगड-घाणेरी एकत्र असलेल्या जागी घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. म्हणून झुडपात हात घालण्याआधी काठीने आपटून घ्यायचं, आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचं औषध मिळतं ते सकाळीच विचारून ठेवायचं.

काढलेल्या मालाचं काय? वाळलेली घाणेरी गावात सरपण म्हणून आणि कुंपणाला जाते, कोणाला हवी का विचारा. पानं आणि फळांशिवायच्या फांद्या कुजवता येतात. फळांच्या गोण्या मात्र तोंड बांधून दोन-तीन महिने कडक उन्हात पडू द्या आणि नंतर खोल खड्ड्यात पुरा, खताच्या खड्ड्यात नको. हिरवी घाणेरी कुंपणापलीकडे फेकू नका. तिच्यातल्या विषाने गुरांचं यकृत बिघडतं, उन्हाने त्यांची कातडी सोलवटते, आणि टंचाईच्या दिवसांत भुकेलं जनावर ती खातं. नुकसान शेजारच्या शेतकऱ्याचं होतं.

रानमोडीचं तंत्र वेगळं. पानाच्या बुडातून त्रिशूळासारख्या तीन ठळक शिरा निघतात, त्यावरून ती ओळखता येते. तिचं मूळ उथळ असतं, पावसात आख्खं झुडूप हाताने उपटतं. तिचं बी वाऱ्यावर जातं आणि फुलोरा थंडीत येतो. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर हीच तिची वेळ. जानेवारीत पांढरे तुरे फुटल्यावर तिला हात लावला तर बी सगळ्या रानात उडतं. त्या महिन्यात तिच्याकडे दुर्लक्ष करणं जास्त शहाणपणाचं.

सुबाभूळ चिवट. वीतभराची रोपं पावसात उपटा. अंगठ्याहून जाड झाली की नुसतं तोडून उपयोग नाही, खुंटातून दहा फुटवे येतात. अशा झाडाची साल गुडघ्यापासून जमिनीपर्यंत सगळ्या बाजूंनी सोलायची. हिरवा थर खरवडून आतलं पांढरं लाकूड दिसेपर्यंत, आणि मध्ये सालीचा एकही धागा न ठेवता. एक बोटभर पट्टी राहिली तरी झाड त्यावर जगतं. वरचा भाग सावकाश वाळतो. खालून फुटवे येतात, ते दर तीन-चार आठवड्यांनी खुडायचे. कोवळे फुटवे शेळ्यांना घाला, पण सगळा चारा त्याचाच नको, त्यातलं मिमोसिन नावाचं विष अंगावर येतं. पिकल्या शेंगा शेळ्यांना अजिबात घालू नका, टणक बी लेंडीतून शाबूत बाहेर पडून रुजतं. आणि मातीतलं जुनं बी दहा वर्षांनंतरही उगवू शकतं, त्यामुळे सुबाभूळ "संपली" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी किंवा ग्लिरिसिडिया, ही तुमच्यापैकी अनेकांच्या कुंपणालाच आहे. आमचं मत असं की ती सगळ्यांत शेवटी काढा. एकदम काढली तर तिच्या सावलीची जागा उन्हात येते आणि घाणेरी तिथे धावते. दरवर्षी पाचातलं एक झाड कमी करा, मध्ये देशी झाडं वर येऊ द्या. तोडलेले दांडे पावसात मातीवर पडू देऊ नका, तेही मुळं धरतात. पाला वाया घालवू नका, चारसूत्री पद्धतीने भात लावणारे शेतकरी तो खतासाठी खुशीने नेतात.

वर्षायू तणांचं थोडक्यात. गाजर गवताची भारतातली सुरुवातीची नोंद पुण्यातलीच, 1950 च्या दशकातली. ते फुलण्याआधी मोजे घालून उपटा, उघड्या कातडीला पुरळ येतं. त्या जागी टाकळ्याचं बी फेकलं तर पुढच्या पावसात ते गाजर गवताला दाबतं. रानतुळस ऑक्टोबरच्या आत. कॉसमॉस बी धरण्याआधी, म्हणजे लोक फोटो काढायला येतात नेमकं तेव्हा. पण सोनकी आणि कॉसमॉस यांची गल्लत करू नका. सोनकी आपली आहे, गुडघ्याएवढी, दातेरी अखंड पानांची. कॉसमॉस छातीएवढा, पानं चिरलेली, बी काळ्या सुईसारखं. उत्साही स्वयंसेवकांच्या हातून सोनकीचे मळे उपटले जाण्याची भीती खरी आहे.

औषधाबद्दल. घाणेरीवर तणनाशक फवारलं की पानं जळतात, मन समाधानी होतं आणि गाठ जिवंत राहते. तुमच्या पट्ट्या बांधलेल्या रोपांवरही ते पडतं. शिवाय पानशेत, वरसगाव, टेमघरच्या पाणलोटातलं पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला येतं, पवनेचं पिंपरी-चिंचवडला. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेने निर्बंध घातले आहेत, प्रशिक्षित कीडनियंत्रकांमार्फतच ते वापरायचं आहे. माळीबुवांच्या पाठीवरचा पंप त्यात बसत नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत लगेच रोपं लावायची घाई नको. एक पाऊस थांबा. जुन्या खुंटांतून आणि मातीतल्या बियांतून काय येतं ते बघा, बहुतेकदा लावायची गरज उरत नाही. उतार अगदी उघडा असेल तर मारवेल किंवा डोंगरी गवताचं बी पहिल्या पावसात फेका. "हिरवळीसाठी" म्हणून स्टायलोचं बी सुचवलं जातं, ते बाहेरचं आहे, नको. आणि बंगल्यापुढच्या बागेतून वेडेलिया, आइस्क्रीमची वेल, शोभेची घाणेरी काढून टाका. नर्सरीवाले शोभेच्या घाणेरीला बी धरत नाही म्हणून सांगतात, पण तिचा पराग रानातल्या घाणेरीला चालतो. पुढच्या बागेत तणांचा कारखाना ठेवून मागचं रान सुधारत नाही.

पहिल्या तोडणीनंतर तीन पावसाळे तरी मागे लागावं लागतं. जुलैत एक आणि सप्टेंबरात एक फेरी. उंबर, काटेसावर, पांगारा अशा झाडांखाली आधी बघा. बुलबुल आणि साळुंक्या घाणेरीची फळं खाऊन तिथे बसतात, त्यामुळे रोपांचा गालिचा नेमका त्यांच्या खाली असतो. विजेच्या तारांखाली आणि कुंपणाच्या रेषेतही तोच प्रकार.

शेवटी पैशाचं, कारण काम तिथेच बिघडतं. ठेका क्षेत्रफळावर देऊ नका. गुंठ्यावर मजुरी ठरली की कोयता जमिनीवरून फिरतो, गाठी आत राहतात आणि रान आठ दिवस साफ दिसतं. मजुरी दिवसावर द्या, माणसं जवळच्या वाडीतली घ्या, दरवर्षी तीच घ्या. संध्याकाळी काढलेल्या गाठी एका जागी मांडायला सांगा आणि त्यातल्या दहा-वीस उलटून बघा. गाठीखाली बोटभर मुळाचा तुकडा दिसला तर घाव बरोबर बसलाय. सपाट, गाठीतूनच कापलेला भाग दिसला तर त्या झुडपाची जागा शोधून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरायला लावा. पहिल्या वर्षीच्या खर्चातला निम्मा तरी भाग दुसऱ्या आणि तिसऱ्या पावसाळ्यातल्या फेऱ्यांसाठी आत्ताच बाजूला ठेवा. देखभाल समित्यांनी तो वार्षिक अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. "बाग देखभाल" या शीर्षाखाली टाकला तर तो लॉनच्या पाण्यावर जातो.

कळावे,
घाणेरी काढण्याच्या कामात असलेले तुमच्याच तालुक्यांतले काही जण